बाळाची नजर कुठे थांबते?

बेल वाजते, दार उघडतं आणि एक अनोळखी पाहुणा घरात येतो. आठ-नऊ महिन्यांचं बाळ आईच्या कडेवर असतं. ते पाहुण्याकडे क्षणभर टक लावतं आणि लगेच मान वळवून आईच्या तोंडाकडे बघतं. आई हसून "कोण आलं बघ, मामा आला!" म्हणाली की त्याचं अंग सैल पडतं. तिच्या कपाळाला आठी पडली की ते ओठ काढतं आणि तिच्या खांद्यात तोंड लपवतं. कुकरची शिट्टी झाली, मिक्सर घरघरला, गल्लीत कुत्रं भुंकलं, तरी क्रम तोच: आधी आवाजाकडे, मग आईकडे.

हे इतकं घरोघरी दिसतं की त्यातलं कोडं आपल्या ध्यानात येत नाही. ज्याला अजून एक शब्द बोलता येत नाही, धड उभं राहता येत नाही, त्या जिवाला भुवया वर गेल्याचा, डोळे विस्फारल्याचा, ओठांचे कोपरे खाली झुकल्याचा अर्थ कळतो कसा? आणि याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आईला बाळंतपणानंतरचं नैराश्य आलं असेल आणि तिचा चेहरा आठवडेच्या आठवडे बाळाच्या नजरेला उत्तरच देत नसेल, तर बाळ काय शिकतं?

पहिल्या प्रश्नाचं वजन किती आहे ते अमेरिकेतल्या एका प्रयोगातून दिसतं. जेम्स सोर्स, रॉबर्ट एम्ड, जोसेफ कॅम्पोस आणि मेरी क्लिनर्ट यांनी तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. एका लांब टेबलावर जाड काच होती. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकडीचं कापड होतं, तर उरलेल्या अर्ध्यात तेच कापड साधारण ३० सेंटिमीटर खाली होतं. वरून बघणाऱ्याला तिथे पायरी असल्याचा भास व्हावा, अशी ही रचना. वर्षाचं बाळ रांगत कडेपर्यंत येई, थबके आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईकडे बघे. आई बोलत नसे, हातही हलवत नसे. फक्त चेहऱ्यावर एक भाव ठेवत असे. तिने आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं ती 'पायरी' ओलांडून गेली. तिने भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही.

न बोलणाऱ्याला विचारायचं कसं?

पाच महिन्यांच्या बाळाला "तुला हा चेहरा वेगळा वाटतो का?" असं विचारता येत नाही. म्हणून संशोधक त्याच्या नजरेला विचारतात. १९६० च्या सुमारास रॉबर्ट फँट्झ यांनी अगदी साधी युक्ती काढली. बाळासमोर दोन चित्रं ठेवायची आणि ते कुणाकडे किती वेळ बघतं ते मोजायचं. एकाकडे जास्त वेळ बघितलं, याचा अर्थ त्याला दोन्हींतला फरक कळला.

यातूनच पुढे दुसरी पद्धत निघाली. बाळाला एकच चेहरा पुन्हा पुन्हा दाखवत राहायचं. हळूहळू त्याला कंटाळा येतो आणि बघण्याचा वेळ कमी होत जातो. मग अचानक त्याच बाईचा, पण वेगळ्या भावाचा फोटो दाखवायचा. बाळाची नजर पुन्हा ताजी झाली तर त्याने नवा भाव ओळखला. नजर तशीच मरगळलेली राहिली, तर त्याच्या लेखी काहीच बदललेलं नाही.

तिसरी पद्धत या लेखासाठी सगळ्यांत महत्त्वाची आहे. पडद्याच्या मधोमध एक चेहरा उमटतो: हसरा, कोरा किंवा घाबरलेला. बाळाची नजर त्यावर स्थिरावली की पडद्याच्या कडेला एखादी चमकदार नक्षी उमटते, पण मधला चेहरा तसाच राहतो. आता बाळाला एकातून सुटून दुसरीकडे जायचं आहे. पडद्याखालचा कॅमेरा अवरक्त प्रकाशाचा बुबुळावरून परतणारा ठिपका टिपतो आणि नजर चेहऱ्यावरून किती वेळात सुटली, की सुटलीच नाही, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो. लक्ष देणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 'बघणं' येतं. पण लक्षाचा अर्धा भाग 'सोडणं' हा आहे. एक गोष्ट सोडता आली तरच दुसरी घेता येते, आणि बाळांना हे सोडणं पहिल्या काही महिन्यांत फार अवघड जातं.

सातव्या महिन्यातलं वळण

नवजात बाळाला २०-२५ सेंटिमीटरवरचंच बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. अंगावर पाजताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. चेहऱ्यासारख्या आकृतीकडे नजर वळवण्याचा कल बाळ जन्मतःच घेऊन येतं. जन्मानंतर काही मिनिटांत केलेल्या प्रयोगांतही तो दिसला आहे. पहिले काही महिने त्याला हसऱ्या चेहऱ्यांची ओढ जास्त असते. हे स्वाभाविकच आहे, कारण भोवतालची माणसं त्याला बहुतेक हसूनच सामोरी येतात.

सातव्या महिन्याच्या आसपास मात्र एक बदल होतो. आता बाळाची नजर घाबरलेल्या चेहऱ्यावर जास्त वेळ खिळते आणि तिथून सुटायला उशीर लागतो. फिनलंडमधले युक्का लेप्पॅनेन, मिक्को पेल्टोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बारकाईने मोजलं. पाच महिन्यांच्या बाळांत हा उशीर दिसत नाही, सात महिन्यांच्या बाळांत दिसतो. साधारण याच वयात बाळ रांगू लागतं. आता ते जिन्याकडे, गरम तव्याकडे, उघड्या स्विचकडे स्वतःहून पोचू शकतं. कुणाच्या चेहऱ्यावर भीती दिसली तर तिकडे जास्त लक्ष द्यायला हवं, हे शिकण्याची गरज नेमकी आत्ताच निर्माण झालेली असते. भावनिक महत्त्वाच्या गोष्टींवर खूण करणारा मेंदूतला छोटा भाग, अमिग्डाला, आणि डोळ्यांकडून आलेल्या माहितीचा अर्थ लावणारे भाग यांची सांगड याच काळात घट्ट होत असावी, असं संशोधक मानतात.

म्हणजे भयभीत चेहऱ्यावर थोडं अडकणं हे सुदृढ वाढीचंच लक्षण आहे. याच फिनिश गटाने २०१५ मध्ये दाखवलं की सातव्या महिन्यात अशा चेहऱ्याकडे जास्त लक्ष देणारी बाळं चौदाव्या महिन्यात आईशी अधिक सुरक्षित नात्यात होती. भीतीचा चेहरा बघूनही नजर लगेच दुसरीकडे वळवणाऱ्या बाळांत असुरक्षित नात्याचं प्रमाण अधिक होतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण 'भीतीकडे बघणं वाईट, हसण्याकडे बघणं चांगलं' असा सोपा हिशोब इथे चालत नाही. किती बघावं, कधी सोडावं, याचा एक तोल असतो.

नैराश्यात चेहऱ्याचं काय होतं

बाळंतपणानंतरच्या नैराश्यात आई रडत बसलेली असते अशी समजूत आहे. अनेकजणी रडत नाहीत. त्या सगळं करतात: अंगावर पाजतात, लंगोट बदलतात, वेळेवर नाचणीसत्त्व शिजवतात. चमचा बाळाच्या तोंडाशी जातो, पण बाळ तोंड उघडतं तेव्हा आपणही नकळत उघडतो तसं तिचं तोंड उघडत नाही. बाळ 'ब्बू' करतं आणि फुगा उडवतं. चमचा भांड्यात परत जातो, पुन्हा येतो. तिला ऐकू आलेलं असतं. पण त्या आवाजाला उत्तर द्यायला लागणारी एवढीशी ऊर्जाही उरलेली नसते. चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात, आवाजातले चढउतार सपाट होतात, आणि बाळाने काही केल्यापासून आईने प्रतिसाद देईपर्यंतचं अंतर लांबतं. काही आयांचं याउलट होतं. त्या चिडचिड्या, घाईच्या होतात. बाळाने मान वळवून जरा विश्रांती घ्यावी तर त्या त्याचा चेहरा धरून पुन्हा आपल्याकडे वळवतात. दोन्ही प्रकारांत बाळाच्या हाकेचा आणि मिळणाऱ्या उत्तराचा ताल चुकतो.

हा ताल बाळाला किती लागतो ते एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसतं. आई आणि काही महिन्यांचं बाळ समोरासमोर बसून खेळतात. मग सूचना मिळाल्यावर आई दोन-तीन मिनिटं बाळाकडे बघत राहते, पण चेहरा कोरा ठेवते. बाळ काही सेकंदांतच ओळखतं. आधी ते हसतं, कारण आजवर हसल्यावर आई हसत आली आहे. उत्तर येत नाही. ते पुन्हा हसतं, जरा जास्त. हात पुढे करतं, हुंकारतं, पुढे झुकतं. तरीही काही नाही. मग नजर खाली जाते, स्वतःच्या बोटांकडे, कपड्याकडे; मध्येच हळूच वर बघून परत खाली. शेवटी अंग ढिलं पडतं, किंवा रडू फुटतं. आई पुन्हा हसायला लागली तरी काही बाळं थोडा वेळ तिच्याकडे सावधपणेच बघतात.

या प्रयोगाच्या आधारे कुणी आईला दोष देऊ पाहील, म्हणून ट्रॉनिक यांचं दुसरं निरीक्षणही सांगायला हवं. अगदी निरोगी, आनंदी आई-बाळांतसुद्धा दोघांचे भाव एकमेकांशी जुळलेले असतात ते खेळाच्या साधारण ३० टक्के वेळातच. बाकीचा वेळ चुकामूक चालू असते. बाळ हसतं तेव्हा आई फोनकडे बघत असते, आई बोलते तेव्हा बाळ पंख्याकडे. वाढीसाठी महत्त्वाचं असतं ते चुकल्यावर पुन्हा जुळणं. त्यातून बाळ शिकतं की बिघडलेलं दुरुस्त होतं, आपल्या हाकेला उशिरा का होईना, ओ मिळते. नैराश्यात नेमकं हे पुन्हा जुळणं दुर्मीळ होतं.

मिळतं त्यावर मेंदू घडतो

याचा बाळाच्या लक्षावर परिणाम होतो कसा, हे समजायला भाषेतलं एक उदाहरण चांगलं उपयोगी पडतं. आपल्याला 'त' आणि 'ट' हे दोन वेगळे आवाज आहेत यात काही विशेष वाटत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना मात्र त्यांतला फरक ऐकूच येत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्या बाळांना कळला. त्यांच्या कानांत काही बिघाड झाला नव्हता. घरात जो फरक कधी कानी पडतच नाही, तो ऐकण्यावर मेंदू श्रम खर्च करत नाही. रोज लागणाऱ्या फरकांना तो धार लावतो.

चेहऱ्यांच्या बाबतीतही असंच काहीतरी घडतं. साडेतीन महिन्यांच्या बाळांना परक्या बाईपेक्षा स्वतःच्या आईच्या चेहऱ्यावरचे आणि आवाजातले भाव एकमेकांशी जुळतात की नाही हे जास्त चांगलं कळतं. म्हणजे भाव वाचायला बाळ शिकतं ते आधी आपल्या माणसावर, मग जगावर. आता ज्या घरात हसणं आणि न हसणं यांतला फरकच फारसा दिसत नाही, त्या घरातल्या बाळाचं काय? मार्क बॉर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचं उत्तर शोधलं. वर सांगितलेल्या कंटाळा आणण्याच्या पद्धतीने त्यांनी पाच महिन्यांच्या बाळांना कोरा आणि हसरा चेहरा दाखवला. नैराश्य नसलेल्या आयांच्या बाळांची नजर भाव बदलताच ताजी झाली. नैराश्याचं निदान झालेल्या आयांच्या बाळांनी तो फरक दाखवला नाही.

अनुभव नजरेला कशी धार लावतो, याचा एक वेगळा आणि क्लेशदायक पुरावा विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सेथ पोलक यांच्याकडून येतो. मार खात वाढलेल्या मुलांना त्यांनी अंधूक चेहरे हळूहळू स्पष्ट होताना दाखवले. इतर मुलांना कळण्याच्या कितीतरी आधीच या मुलांनी राग ओळखला. नैराश्य आणि मारहाण या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. पण दोन्हींकडे मेंदूची रीत एकच आहे. आपल्या भोवती जे चेहरे आहेत, त्यांतलं जे ओळखल्याने आपला निभाव लागेल, तिकडे तो लक्ष वळवतो.

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात फिनब्रेन नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात गर्भारपणापासून हजारो कुटुंबांचा माग ठेवला जातो. त्यातल्या आठ महिन्यांच्या बाळांची नजर मोजली तेव्हा चित्र गुंतागुंतीचं निघालं. आईमध्ये चिंता-नैराश्याची लक्षणं जास्त असली, तर काही बाळांची नजर घाबरलेल्या चेहऱ्यावरून सुटायला अधिक वेळ लागतो. आणि त्यात केवळ जन्मानंतरच्या नव्हे, गर्भारपणातल्या लक्षणांचाही वाटा दिसतो. म्हणजे परिणामाची वाट फक्त चेहऱ्यातून जात नाही. गर्भाशयातलं रासायनिक वातावरण, आई-बाळाला समान असलेली जनुकं, घरातला ताण, सगळं त्यात मिसळलेलं असतं. शिवाय हे फरक शेकडो बाळांच्या सरासरीत दिसणारे, लहान आहेत. एखाद्या बाळाची नजर मोजून "याची आई नैराश्यात आहे" किंवा "हे पुढे चिंताग्रस्त होईल" असं कुणी सांगू शकत नाही. असा दावा करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये.

या सगळ्या संशोधनातला मला सर्वांत आशेचा वाटणारा धागा चेहऱ्याचा नाही, आवाजाचा आहे. अमेरिकेतल्या पीटर कॅप्लन यांनी चार महिन्यांच्या बाळांना एक साधी गोष्ट शिकवून पाहिली: बाळाशी लाडाने बोलण्याचा आवाज आला की मागोमाग एक हसरा चेहरा दिसतो. नैराश्य असलेल्या आयांची बाळं स्वतःच्या आईच्या सपाट आवाजावरून हे शिकली नाहीत. पण त्याच बाळांना नैराश्य नसलेल्या परक्या बाईचा चढउतारांचा आवाज ऐकवला, तेव्हा ती झटकन शिकली. पुढच्या प्रयोगांत पुरुषांच्या लाडिक बोलण्यानेही शिकल्याचं आढळलं. बाळाची शिकण्याची ताकद शाबूत होती. तिला जागं करणारी हाक मिळत नव्हती, एवढंच.

चौकट: चार दिवसांची उदासी की नैराश्य?
बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, जीव घाबरणं, क्षणात बरं तर क्षणात वाईट वाटणं हे निम्म्याहून जास्त स्त्रियांना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. त्याला विश्रांती, झोप आणि माणसांची सोबत पुरते. दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहिलं, कशातच गोडी वाटेनाशी झाली, बाळ झोपलं तरी स्वतःला झोप लागत नसेल, "मी चांगली आई नाही" हा विचार पाठ सोडत नसेल, बाळाबद्दल काही वाटतच नाही असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, आई असंबद्ध बोलत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि तोवर तिला एकटं सोडू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. तिथे मराठीतही बोलता येतं.

गोव्यातल्या आया

हे सगळे प्रयोग थंड देशांतल्या प्रयोगशाळांत झाले, आपल्याकडे माहेरी बाळंतपण, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि भरलं घर असतं, तेव्हा आपल्याकडे हे दुखणं कुठून येणार, असं कुणाला वाटेल. त्याचं उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात मिळालं. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी एका जिल्हा रुग्णालयात २७० गर्भवती स्त्रियांची नोंद केली आणि बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा भेटले. २००२ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. सहा महिन्यांनीही प्रमाण २२ टक्के होतं. नैराश्य असलेल्या चारांपैकी तिघींहून अधिक स्त्रियांची मनःस्थिती गर्भारपणातच ढासळलेली होती. भारतभरच्या ३८ अभ्यासांची एकत्रित बेरीज २०१७ मध्ये झाली, तीही २२ टक्क्यांवरच आली. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक.

गोव्यातल्या अभ्यासात आढळलेल्या कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी असलेले ताणलेले संबंध होते. आणि आधीची मुलगी असताना पुन्हा मुलगी होणं, हेही होतं. "पहिली बेटी धनाची पेटी" म्हणणाऱ्या घरात दुसऱ्या मुलीच्या वेळी जी शांतता पसरते, ती बाळंतिणीला ऐकू येते. तिचा चेहरा मिटतो तो तिच्या एकटीच्या मनामुळे नाही. त्या शांततेत घरातले सगळे सामील असतात.

गोव्यातल्या याच गटाने २००३ मध्ये बाळांचा हिशोब मांडला. नैराश्य असलेल्या आयांच्या बाळांत सहाव्या महिन्यात वजन कमी असण्याचा धोका दुपटीहून जास्त होता आणि बौद्धिक वाढीच्या चाचणीतही ती मागे होती. भूक लागल्याची बारीक खूण वेळेवर ओळखणं, आजाराची पहिली चाहूल लागणं, हेही शेवटी एका चेहऱ्याने दुसऱ्या चेहऱ्याकडे बघण्यावरच अवलंबून असतं.

आपल्या चालीरीतींत उपयोगाचं बरंच आहे, पण ते आपोआप उपयोगी पडत नाही. बाळंतिणीने रडू नये, डोळे बिघडतात, असं बजावलं की ती रडणं थांबवत नाही, लपवायला लागते. बाळाला तेल लावायला, न्हाऊ घालायला बाई येते आणि आई आतल्या खोलीत पडून राहते. तिला आराम मिळतो, हे चांगलंच. पण लंडनमध्ये नैराश्य असलेल्या आयांना स्वतः बाळाची मालीश करायला शिकवलं, तेव्हा २००१ च्या त्या छोट्या अभ्यासात आई-बाळाचा संवाद सुधारला आणि आईची लक्षणंही उतरली. मालीशवाल्या मावशीच्या शेजारी आईला बसवून तेलाचा एक हात तिचाही फिरू द्यावा, तिला झेपेल तेवढाच. हसणं जमत नसलं तरी स्पर्श जमू शकतो, आणि बाळ त्यालाही उत्तर देतं.

तसंच भरल्या घराचं. कॅप्लन यांच्या प्रयोगाचा अर्थ आपल्या घरात नीट लागतो. आई बरी होईपर्यंत आजीने ओवीच्या सुरात बोलावं, बाबांनी दाढी करताना बाळाला समोर बसवून तोंडं वेडीवाकडी करावीत, काकाने "आगं बाई!" म्हणत डोळे मोठे करावेत. ही कामं बाळाचा वेळ घालवण्यासाठी म्हणून नव्हेत. त्यांतून त्याची भावना वाचायची शिकवणी चालू राहते. फक्त एक अट आहे. "तुला जमत नाही ना, दे इकडे" असं म्हणत बाळ हिसकून घेतलं, तर बाळाला चेहरा मिळेल पण आई आणखी खचेल. तिच्याच मांडीवर बाळ ठेवून, शेजारी बसून बोलता येतं.

दुखणं बरं होतं

औषधं आणि बोलून केलेले उपचार या दोन्हींनी बाळंतपणानंतरचं नैराश्य बरं होतं. अंगावर पाजणं चालू ठेवून घेता येतील अशी औषधं आहेत. ती डॉक्टर ठरवतात. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान यांनी गावच्या आरोग्यसेविकांनाच समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. २००८ मध्ये निकाल आला तेव्हा सहा महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात उरल्या होत्या. नेहमीच्याच भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. गोव्यात 'संगाथ' संस्थेसोबत हाच कार्यक्रम आणखी साधा करून राबवला गेला. त्यात समुपदेशन करणाऱ्या होत्या त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या स्त्रिया. त्यांना सखी म्हणत. गर्भारपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या घरी येत. आईने दिवसात स्वतःसाठी काय केलं, बाळाशी कसं खेळावं, घरात मदत कुणाकडून मागावी, हे बोलत. २०१९ च्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी बरं झालेल्यांचं प्रमाण सखी मिळालेल्या गटात जास्त होतं.

आई बरी झाली की बाळाशी नातं आपोआप रुळावर येतंच असं नाही, हेही संशोधनात दिसलं आहे. काही आयांना मन हलकं झाल्यावरही बाळाच्या खुणा पुन्हा शिकाव्या लागतात. इंग्लंडमध्ये ॲलन स्टाइन यांच्या गटाने दीर्घकाळ नैराश्य असलेल्या आयांना मानसोपचार दिले आणि त्यांतल्या एका गटाला जोडीने बाळाबरोबरच्या त्यांच्याच खेळाचे छोटे व्हिडिओ दाखवले: इथे बाळाने तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही हसलात, आणि बघा त्याने काय केलं. दोन वर्षांनी बहुतेक आया बऱ्या झाल्या होत्या, आणि व्हिडिओ दाखवलेला गट असो की न दाखवलेला, मुलांची भाषा, समज आणि आईशी नातं सर्वसाधारण मुलांच्या पातळीवर होतं.

नैराश्य तीव्र असेल आणि रुग्णालयात ठेवावं लागलं, तर बाळाचं काय करायचं हा प्रश्न घरच्यांना भेडसावतो. बहुतेक वेळा बाळ आजोळी जातं आणि आई एकटी दाखल होते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तसं स्पष्ट कलमही आहे. मानसोपचारासाठी दाखल असलेल्या स्त्रीपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये. आईच्या आजारामुळे बाळाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं आणि वेगळं करावंच लागलं, तरी त्या काळात संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या किंवा घरच्यांच्या देखरेखीखाली तिला बाळाला भेटता आलं पाहिजे, आणि त्या निर्णयाचा दर १५ दिवसांनी फेरविचार झाला पाहिजे. दाखल करताना हे कलम डॉक्टरांसमोर ठेवण्याचा हक्क घरच्यांना आहे.